सर्वांना पटलेला शेवट

रविवारी सकाळी साडेदहाला चौघं आपापल्या गावांतून पडद्यावर जमायची आणि तासभर कडाकडा भांडायची. भांडण सिनेमावरून. गेल्या सहा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. धनंजय कित्तूरने तर स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी मांडवामागे उभं राहून एका माहितीपटाला शिव्या घातल्या होत्या. धनंजयचा बेळगावात छापखाना होता. यास्मिन शिकलगार पुण्यात दातांची डॉक्टर होती. पारस चौगुले मिरजेजवळच्या एका ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत होता. आणि चौथी तृप्ती मगदूम, सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी आणि चौघांत सगळ्यात हट्टी.

कॉलेजात असताना या चौघांनी फिल्म क्लब चालवला होता. तिथला एक नियम त्यांनी पन्नाशी ओलांडली तरी सोडला नव्हता: कथा सांगायची नाही. काय घडलं, कोणी कोणाला फसवलं, शेवटी कोण मेलं, यावर अवाक्षर काढायचं नाही. बोलायचं ते चौकटीवर, आवाजावर, संकलनावर. शेवटाबद्दल फक्त पटला किंवा नाही पटला, एवढंच. जो कथा सांगेल त्याने पुढचा रविवार तोंड मिटून बसायचं. नियम तृप्तीने केला होता आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. कथा काय, कोणीही सांगतं, असं ती नाक उडवून म्हणायची.

त्या रविवारी विषय होता ‘वस्ती क्रमांक चार’ हा माहितीपट. तो पारसच्याच कारखान्याबद्दल होता. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे तिथल्या बारा नंबरच्या व्हॉल्वमधून क्लोरिन सुटला. हा वायू हवेपेक्षा जड, तो वर जात नाही, जमिनीलगत सरकत जातो. कुंपणापलीकडच्या वस्तीत लोक जमिनीवर अंथरुणं टाकून झोपले होते. नऊ माणसं गेली. पारसने स्वतः आत धावताना वायू ओढला आणि बारा दिवस अतिदक्षता विभागात काढले; तेवढे दोन रविवारच काय ती बैठक त्याच्याविना झाली. तिथल्या खाटेवरूनच त्याने पोलिसांना जबाब दिला की पहाटे सहा वाजून बारा मिनिटांनी आपण व्हॉल्व तपासला, तो बंद होता, आणि मग ऑपरेटर शिवाजी बंडगरच्या ताब्यात दिला. त्या जबाबावर बंडगर दोन वर्षं तुरुंगात होता. जामीन दोनदा फेटाळला गेला होता. आता येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी पारसची कोर्टात साक्ष होती.

हा माहितीपट घ्यायचा की नाही यावर आधी बरीच चुळबुळ झाली होती. शेवटी पारसच म्हणाला होता, “घ्या की. सगळं गाव बोलायलंय त्यावर. तुम्हीच तेवढं माझ्यासमोर गप्प बसलात तर कसं वाटंल मला?”

“आवाजाचं काम बघितलंस?” धनंजय म्हणाला. “पहिली वीस मिनिटं संगीत म्हणून नाही. नुसता कारखान्याचा भोंगा. माझे शंभरपैकी ब्याऐंशी.”

“तुला काय कळतं रे आवाजातलं? जन्म गेला मशीनच्या खडखडाटात,” यास्मिन म्हणाली. “मला संकलन आवडलं. कुठेही रडवायला बघत नाहीत. आणि शेवट पटला. अगदी पटला.”

“मलाही,” तृप्ती म्हणाली. “इतका प्रामाणिक शेवट मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. मनात जे होतं तेच समोर आलं. माझे नव्वद.”

तिने हे मुद्दाम जोरात म्हटलं. पारसला बरं वाटावं म्हणून. तिने पाहिलेल्या माहितीपटात पारस देवमाणूस होता. त्याने व्हॉल्व नीट तपासला होता, आणि नंतर वायूच्या ढगात शिरून वस्तीतली तीन माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणली होती. दोष कुणाचाच नव्हता. एक जुनं रबरी सील फाटलं होतं, इतकंच. हे सगळं नियमाप्रमाणे बोलायचं नव्हतं, म्हणून तिने आपलं प्रेम त्या नव्वदात घातलं.

“पारस, तू?” यास्मिनने विचारलं.

पारसच्या चौकटीत त्याचा चेहरा जरा कडेला गेला होता. “शंभर,” तो म्हणाला. “शेवट खरा आहे. तुम्हा सगळ्यांनाही पटला म्हणजे खराच असणार.” आणि काम आहे म्हणून तो निघून गेला. मित्र भारावलाय, असं तिघांनी धरलं.

बुधवारी दुपारी तो तृप्तीच्या कॉलेजात आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. स्टाफरूममध्ये दोघंच होती.

“मंगळवारी मी जबाब फिरवणार आहे,” तो म्हणाला. “व्हॉल्व मी तपासला नव्हता म्हणून सांगणार. बंडगर सुटंल. मला घेतील आत. वैशालीला अजून बोललो नाही. तुला आधी सांगितलं.”

तृप्तीच्या हातातला पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला. “डोकं फिरलंय का तुझं? तू तपासला होतास!”

“असं कसं म्हणतीस? तूच म्हणालीस, शेवट प्रामाणिक आहे. मनात होतं तेच समोर आलं, म्हणालीस. तिघांनाही पटलं. मला त्या सकाळचं नीट आठवत नाही, तृप्ती. सगळं धुरकट आहे. कंपनीच्या वकिलानं लिहून आणलं, मी सही केली. पण माझी सगळ्यात जवळची माणसं जर हे बघून हो हो म्हणत असतील, तर मी आणि कुणाला विचारू?”

“कुठला शेवट, पारस?”

“म्हणजे?”

“तू काय पाहिलंस ते सांग. पहिल्यापासून.”

“कथा?” तो बावळटासारखा म्हणाला. सवयच तशी होती.

“सांग रे बाबा!”

त्याने सांगितलं. त्याच्या माहितीपटात तो फोनवर बोलत व्हॉल्वसमोरून निघून जात होता. शेवटी नऊ जणांचे फोटो एकेक करून येत होते आणि प्रत्येक फोटोनंतर पारसची तपासणीच्या वहीतली सही. तृप्तीच्या माहितीपटात ना फोन होता, ना सही. तिने तिथेच यास्मिनला आणि धनंजयला निरोप धाडला: उद्या संध्याकाळी सहाला या, नियम बंद.

आता यात तसं लपवलेलं काहीच नव्हतं. गेली चार वर्षं प्रत्येक टीव्हीवर ‘जुळणी’ नावाची सोय येत होती आणि ती सुरू करताना सगळ्यांनीच न वाचता ‘मान्य’ दाबलं होतं. जुळणी म्हणजे उजेड-आवाज आपल्या डोळ्यांना बेताचा करणारं काहीतरी, असा लोकांचा समज. प्रत्यक्षात सिनेमा आता तयार होऊन घरी येतच नव्हता. यायचा तो शिधा. स्वयंपाक ज्याच्या त्याच्या घरी, बघता बघता व्हायचा. टीव्हीतला बारीक कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात ते टिपायचा, मनगटावरची पट्टी नाडी आणि घाम मोजायची. कुठल्या चेहऱ्यावर नाडी वाढली, कुठे माणूस सैलावला, कुठे त्याचा हात रिमोटकडे गेला, हे दर सेकंदाला पाहून यंत्र पुढचा प्रसंग ठरवायचं आणि नसला तर बनवायचं. त्याला नीती नव्हती आणि द्वेषही नव्हता. त्याला एकच काम दिलेलं होतं, की माणूस मधून उठता कामा नये.

माहितीपटांसाठी कायद्याने एक कुंपण घातलं होतं. खरं टिपलेलं चित्र बदलायचं नाही, कापायचं नाही. पण ते कुठल्या क्रमाने दाखवायचं, त्यावर काय निवेदन बोलायचं, आणि आधी-मागे ‘घटनेची पुनर्रचना’ म्हणून किती प्रसंग नव्याने घालायचे, याला मोकळीक होती. बाकी जग एव्हाना हे ओळखून चुकलं असेल किंवा नसेल. नाक्यावरच्या दोन माणसांनी गप्पा मारताना कथा एकमेकांना सांगितली असती तर दहा मिनिटांत उघड झालं असतं. या चार शहाण्यांनी मात्र चार वर्षं चार वेगळे सिनेमे पाहून चौकटीवर वाद घातले होते.

गुरुवारी सहाला चौघं बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकमेकांना कथा सांगितली.

यास्मिनच्या माहितीपटात गुन्हेगार कारखान्याचा मालक होता; दुरुस्ती त्याने सहा महिने पुढे ढकलली होती. धनंजयच्या माहितीपटात सरकारी तपासनीस होता, न बघताच दाखला देणारा.

“तुझा उभा जन्म सरकारी कचेऱ्यांशी भांडण्यात गेला, धन्या,” यास्मिन म्हणाली. “बरोबर ओळखलं तुला मशीननं.”

“आणि तुझा घरमालकाशी! होय की नाही?”

“अरे पण एक सांगा,” धनंजय पुढे म्हणाला, “ते पांढऱ्या हेल्मेटवालं चित्र सगळ्यांना होतं काय? पाठमोरा माणूस, दुकानाच्या कॅमेऱ्यातलं, धूसर? मला तो तपासनीस म्हणून सांगितला.”

“मला मालकाचा पुतण्या!” यास्मिन ओरडली.

“मला, पाहणी आटोपून परतणारा अधिकारी,” तृप्ती म्हणाली.

“मला मी,” पारस म्हणाला.

यास्मिन एकदम हसत सुटली. एका पाठीची चार माणसं! धनंजयला ठसका लागला. सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

“बघ पारस,” यास्मिन डोळे पुसत म्हणाली. “तू वाचलास आणि नऊ जण गेले, याचं तुला टोचत होतं. नाडीतनं ते कळलं त्याला. टोचणी लावली की तू जागचा हलत नाहीस हे त्यानं ताडलं आणि तेच वाढत गेलं तुझ्या पानात. त्यात खरं काही नाही, राजा. आमच्यातही नाही.”

“म्हणजे मी…” पारस म्हणाला.

“म्हणजे तू काहीच केलं नाहीस,” तृप्ती ठामपणे म्हणाली. “मंगळवारी जा आणि आधी सांगितलंस तेच सांग.”

पारसने दोन्ही तळवे तोंडावर धरले. खांदे हलत होते. मागून वैशाली आली, तिने पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तृप्तीला इतका आनंद झाला की तिने उठून उगाचच खिडकी उघडली. आपण एका माणसाला तुरुंगातून बाहेर खेचलं, असं तिला वाटलं, आणि अभिमान वाटला.

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण थांबेल ती तृप्ती कसली. शनिवारी तिला कॉलेज नव्हतं. तिने कागदावर चार रकाने आखले आणि चौघांनी सांगितलेलं सगळं त्यात भरलं. तिची साधी मांडणी होती: जे एकाच रकान्यात आहे ते यंत्राने रचलेलं, आणि जे चारही रकान्यांत आहे ते खरं टिपलेलं. खोटं किती आहे ते मोजून पारसला दाखवावं, म्हणजे त्याच्या मनात पुन्हा शंका उगवणार नाही, एवढाच तिचा हेतू. सत्त्याण्णव मिनिटांच्या माहितीपटात चौघांना सामाईक अशी जेमतेम अकरा मिनिटं निघाली. कारखान्याचं फाटक. रुग्णालयाचा व्हरांडा. वस्तीतल्या बायकांची दोन बोलणी. आणि ते पांढरं हेल्मेट.

तेवढं चित्र तिने पुन्हा लावलं. आवाज बंद केला.

वस्तीतल्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्याने कुंपणाच्या जाळीतून टिपलेलं ते चित्र पोलिसांनी कधी मागितलंच नव्हतं. कोपऱ्यात वेळ दिसत होती, सहा बारा. डावीकडून पांढऱ्या हेल्मेटचा माणूस येतो. दहा पावलं. उजवीकडे व्हॉल्वची खांबासारखी आकृती. माणूस तिच्या अलीकडूनच वळतो आणि जातो. थांबत नाही. तोंड दिसत नाही, अंगावरचं नाव वाचता येत नाही. जगातल्या कुठल्याही न्यायाधीशाला तो माणूस कोण ते सांगता आलं नसतं.

चालताना त्याने उजव्या हाताने डावं मनगट पाठीमागे धरलं होतं आणि दर तिसऱ्या पावलाला तो अंगठ्याने नाडी बघितल्यासारखं मनगट चोळत होता. तीस वर्षांपूर्वी क्लबचा सिनेमा सुरू झाला की प्रोजेक्टर बंद पडेल या धास्तीने पारस सभागृहाबाहेर असाच फेऱ्या मारायचा. यास्मिन आणि धनंजय तेव्हा आत बसून सिनेमा बघायचे. दाराशी तिकिटं फाडत उभी असायची ती तृप्ती.

तिने चित्र सोळा वेळा पाहिलं. मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. रविवारच्या बैठकीला ताप आलाय म्हणून कळवलं. तो तिचा सहा वर्षांतला पहिला चुकलेला रविवार.

सोमवारी दुपारी ती मिरजेला पारसच्या घरी गेली. पारस जेवत होता. दाढी केली होती, अंगावर इस्त्रीचा सदरा होता, आणि वैशाली त्याला तिसरी भाकरी वाढत होती.

“बघा की, चार दिवसांत माणूस कसा झालाय,” वैशाली म्हणाली. “तुमचे उपकार आहेत, ताई. दोन वर्षांत हे असं पोटभर जेवले नव्हते.” आणि ती ताक आणायला आत गेली.

तृप्ती बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. पारसने तिच्याकडे एकदा बघितलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

“बोल,” तो म्हणाला.

“ती पाठ तुझी आहे, पारस.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. पारसने हळूच मान हलवली.

“चौदा व्हॉल्व असतात,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “अकरा बघितले. बारावा कोपऱ्यात. तिथं पाणी सांडून चिखल झाला होता. पायात नवे बूट होते. रोज बंदच असतो, आज काय होणार, म्हणलं, आणि तिथनंच वळलो. वहीत बाराच्या पुढं बघितल्याची खूण केली. एवढंच, तृप्ती. एवढंच केलं मी.”

“हे तुझ्या माहितीपटात होतं?”

“चिखल नव्हता. तो त्याला कुठनं माहीत असणार? त्यानं मला फोनवर बोलताना दाखवलं. पण न बघता गेलो, तेवढं बरोबर पडलं. ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना चिखल आठवला. मग सगळंच आठवलं.”

“म्हणजे बुधवारी माझ्याकडं आलास तेव्हा…”

“थोडं आठवत होतं. उरलेलं तुम्ही दिलंत. तुम्ही तिघांनी शेवट पटला म्हटल्यावर मला बळ आलं. म्हटलं, यांना सगळं माहीत आहे आणि तरी ही माणसं माझ्याशी बोलतायत. मग जगापुढं बोलायला काय हरकत आहे?” त्याने ताटाकडे बघितलं. “गुरुवारी तुम्ही ते काढून घेतलंत. प्रेमानं काढून घेतलंत, मला कळतं. त्या दिवशी मी दोन वर्षांनी सलग झोपलो. आता परत तेवढं बळ नाही येत, तृप्ती. शनिवार-रविवार बघितलं आणून. नाही आलं.”

“बंडगरला दोन मुली आहेत, पारस.”

“धाकटी आठवीत आहे. मला नावं माहीत आहेत त्यांची.”

वैशाली ताकाचा तांब्या घेऊन आली. तृप्तीने ताक घेतलं, आंबट आहे असं म्हणाली, आणि पुन्हा घेतलं. निघताना पारस फाटकापर्यंत आला.

“तू सांगणार आहेस कुणाला?” त्याने विचारलं. आवाजात धमकी नव्हती, आणि विनवणीही नव्हती. तिने सांगितलं असतं तर तो एका परीने सुटला असता, हे तिला दिसत होतं. बस येत होती, ती चढली.

मंगळवारी कोर्टात ती तिसऱ्या बाकावर बसली. पारसने साक्ष स्वच्छ दिली. सहा बारा. बारा नंबरचा व्हॉल्व. हात लावून पाहिला. बंद होता. बंडगरच्या ताब्यात दिला. आरोपीच्या पिंजऱ्यातला शिवाजी बंडगर चाळीशीचा, किडकिडीत; तो पारसकडे रागाने बघत नव्हता. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे आपल्याकडूनच काहीतरी झालं असावं, अशी कोड्यात पडलेली नजर होती त्याची. ती नजर तृप्तीला सहन झाली नाही. तिने आपल्या चपलांकडे पाहिलं.

बंडगरचा वकील सरकारने दिलेला होता, थकलेला. त्याने एकच बरा प्रश्न विचारला. “आपण त्या दिवशी गंभीर आजारी होता. त्या सकाळचं आपल्याला नीट आठवतं का?”

“आधी आठवत नव्हतं,” पारस म्हणाला. “आता स्वच्छ आठवतं.”

एवढंच खरं तो त्या दिवशी बोलला.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गर्दी होती. बंडगरची बायको दोन्ही मुलींना घेऊन जिन्यापाशी डबा सोडून बसली होती, पण जेवत कोणीच नव्हतं. तो वकील फायली छातीशी धरून वाट काढत आला आणि तृप्तीसमोर अडकला. हातभर अंतरावर. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

“मॅडम, जरा सरकता का?” तो म्हणाला.

ती सरकली.

तरीही घरी येताना तिने त्याचा नंबर मिळवला. कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडून घेतला आणि त्याच चार रकान्यांच्या कागदामागे लिहिला. बंडगरचा खटला संपलेला नव्हता, निकाल महिन्याभराने होता, अजून वेळ होता. घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. ती पाठ एकदा शेवटची बघायची, खात्री करायची आणि मग फोन लावायचा, असं तिने ठरवलं. तीस वर्षांच्या मैत्रीला आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. तिला रडू येत होतं. पण फोन करायचाच, हे नक्की होतं.

तिने ‘वस्ती क्रमांक चार’ लावला. थेट त्या चित्रापाशी जायला गेली तर ते पहिल्या जागी नव्हतं. माहितीपट नव्याने सुरू झाला होता. सुरुवातीला शिवाजी बंडगर होता, पहाटेच्या पाळीवर, पाण्याच्या टाकीपाशी चूळ भरणारा. तृप्तीने रिमोट उचलला. बंडगर बारा नंबरच्या व्हॉल्वपाशी गेला, त्याने तो अर्धवट फिरवला, आणि लांबून येणाऱ्या पांढऱ्या हेल्मेटला हात करून ओरडला, “साहेब, मी आत्ताच बघितलाय! चिखलातनं कशाला येताय? जावा तुम्ही.”

चिखल. तो शब्द यंत्राच्या हाती कुठून आला असेल? मिरजेहून आल्यावर ती फोनवर यास्मिनशी बोलली होती, तेव्हा टीव्ही समोरच होता. चिखलाबद्दल बोलली होती की नव्हती, तिला आठवेना.

मग ते चित्र आलं. सहा बारा. तेच, एक ठिपकाही न बदललेलं. पांढरं हेल्मेट, पाठीमागे धरलेलं मनगट, दहा पावलं. व्हॉल्वच्या अलीकडून वळणं. आता त्यात काहीच वावगं नव्हतं. विश्वासू माणसाने हाक दिली आणि अधिकारी पुढे गेला, असं कोणाच्याही हातून झालं असतं. तृप्तीच्या मनगटावरची पट्टी मंद चमकली. तिची नाडी उतरत होती, आणि ते तिलाही जाणवत होतं.

हा आधीचा प्रसंग रचलेला आहे, हे तिच्याइतकं स्वच्छ जगात कोणालाही माहीत नव्हतं. तो आत्ता, या घटकेला, तिच्यासाठी रचलेला आहे. तिने आदल्या आठवड्यात चार रकाने आखून हेच सिद्ध केलं होतं. उठायला हवं होतं. तिने रिमोट हातात धरून ठेवला आणि बसून राहिली.

बंडगरला आधीही दोनदा ताकीद मिळाली होती, असं निवेदक सांगत होता. त्याचं घरी भांडण झालं होतं, लक्ष ठिकाणावर नव्हतं. पारस वायूच्या ढगात शिरला. तीन माणसं बाहेर आणली. तृप्तीला हुंदका फुटला आणि मग मोकळं वाटलं, कितीतरी दिवसांनी.

सत्त्याण्णव मिनिटं तिने पाहिला, शेवटची नावं वर सरकून पडदा काळा होईपर्यंत. मग उठून तोंड धुतलं आणि चहाचं आधण ठेवलं. वकिलाला उद्या फोन करू, असं तिने स्वतःला सांगितलं. बुधवारी केला नाही. निकाल लागला त्या दिवशीही केला नाही. बंडगरला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ती बातमी वाचताना तिला जे वाईट वाटलं ते एखाद्या परक्या चुकार माणसाबद्दल वाटावं तेवढंच होतं.